बालवर्गासाठी पाठ : घाटातील वानरे व माकडे

(वाचन : उत्पत्ती १ : २४-३१, उत्पत्ती २ : १९-२०, स्तोत्र १०४)

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील सहाव्या दिवसाचा पाठ बालवर्गास देण्याची वेळ आली म्हणजे आमचे शब्बाथ शाळेचे शिक्षक बहुधा गाय, मेंढरू, उंट व सिंह ह्यांची चित्रे भिंतीस लावितात. सिंह कोल्हारच्या मुलांनी पाहिला नाही, त्यांच्या आजोबांनीही पाहिला नाही. परंतु ज्याला ही मुले नावाने ओळखितात आणि ज्याची नक्कल करून दाखविल्यावाचून एकही पोर राहत नाही, तो वानर मात्र त्या भिंतीवर नसतो.

कारण उघड आहे. गावाच्या वेशीवर मारुतीचे देऊळ असते, शनिवारी शेजारी तेथे तेल वाहतात, आणि ज्यांनी ती वाट सोडली त्यांच्या घरांत ह्या प्राण्याविषयी बोलताना जीभ जराशी अडखळते. मोठ्यांचे हे अडखळणे मुले निराळ्याच रीतीने उचलितात. एका वाडीतील उपदेशकबंधूंनी आम्हांस कळविले की, नदीकाठच्या वडावर वानरांची टोळी उतरली असता आपल्याच मंडळीतील चारपाच मुलगे गोफणी घेऊन धावले. त्यांस अडवून विचारले तेव्हा सात वर्षांचा एक मुलगा म्हणाला, "आपण ख्रिस्ती आहोत ना?" शेजारच्या आळीतील माणसे हे पाहत उभी होती.

त्या मुलास रागे भरून काही साधणार नाही. त्याने ऐकले ते इतकेच की वानर हा देव नव्हे. तो कोण आहे हे त्यास कोणी सांगितलेच नाही. एक गोष्ट काढून घेतली आणि तिच्या जागी दुसरी ठेविली नाही, तर मूल रिकाम्या जागेत हाताला येईल ते भरिते. म्हणून आमची शिक्षकबंधुभगिनींस विनंती अशी की, ह्या पाठात उपदेश थोडा करावा व प्राणी पुष्कळ दाखवावा. एदेन बागेत देवाने पशू आदामाकडे आणिले ते त्यांस नावे देण्यासाठी. आणि पाहिल्यावाचून नाव देता येत नाही.

नावांपासूनच आरंभ करावा. मराठी भाषेने येथे शिक्षकाचे अर्धे काम करून ठेविले आहे. काळ्या तोंडाचे, राखी अंगाचे, लांब शेपटीचे ते वानर. तांबूस तोंडाचे, ठेंगण्या बांध्याचे ते माकड. शहरात शिकलेले लोक हे दोन्ही शब्द एकच करून टाकितात, खेड्यातील माणूस बहुधा करीत नाही, आणि कोकणात तर माकडास केल्डे असे निराळेच नाव आहे. हा भेद केवळ तोंडाच्या रंगाचा नव्हे, पोटापर्यंत पोहोचलेला आहे. माकडाच्या दोन्ही गालांत आतून पिशव्या असतात. फळे दिसली की ते ती भराभर गालांत कोंबिते, सुरक्षित फांदीवर जाऊन सावकाश खाते व बिया तेथेच थुंकिते. वानरास अशा पिशव्या नाहीत. त्याचे जठर गाईच्या जठरासारखे कप्प्याकप्प्यांचे असते. तो पाने खातो, आणि त्या कप्प्यांत सूक्ष्म जंतू ती पाने आंबवून पचण्याजोगी करितात. गाय रवंथ करिते, वानर करीत नाही, एवढा फरक. परंतु पोट भरल्यावर तासन्‌तास फांदीवर पाय लोंबते सोडून तो स्वस्थ का बसतो ह्याचे उत्तर ह्यात आहे. गुरे राखणाऱ्या घरातील मुलांस ही गोष्ट शहरी मुलांपेक्षा लवकर समजेल. गालाची पिशवी समजावण्यास मोठ्या मुलांस दोनचार फुटाणे गालात धरून आपले नाव सांगावयास लावावे. वर्ग हसेल, हसू द्यावे. पाच वर्षांखालील मुलांस मात्र फुटाणे देऊ नयेत, ते घशात अडकतात.

तांबड्या तोंडाच्या माकडांतही आमच्या देशात दोन जाती विशेष आढळतात. उत्तरेकडील माकडाची शेपटी आखूड असते. दक्षिणेकडील माकडाची शेपटी लांब असून डोक्यावरील केस मधोमध भोवऱ्यासारखे वळून टोपी घातल्यासारखे दिसतात. पूर्वी तापी व गोदावरी ह्या नद्या साधारणपणे त्यांच्यामधील बांध मानिल्या जात. अलीकडे उत्तरेचे माकड त्या बांधापलीकडे दक्षिणेस सरकत असून टोपीवाल्यास मागे लोटीत आहे, असे अभ्यासकांस आढळले आहे.

आता मुलांस नदीच्या उगमाकडे न्यावे. कोल्हारच्या पुलाखालून जी प्रवरा वाहते ती रतनगडाच्या परिसरात सह्याद्रीवर उगम पावते, १९२६ साली पुरे झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणात विसावते, रंधा धबधब्यावरून उडी घेते, आणि अकोले व संगमनेर मागे टाकून आपल्या शिवारात येते. पुढे नेवाशाजवळ टोक्यास ती गोदावरीस मिळते. आपल्याकडे वर्षाचा पाऊस वीस इंचांच्या आसपास. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, घाटघराच्या बाजूस, त्याच्या कित्येक पट. आपल्या शिवारात बाभूळ एकीकडे तर लिंब दुसरीकडे, मध्ये ऊस नाहीतर माळ. तेथे घाटमाथ्यावरील दऱ्यांत अजूनही सदाहरित रानाचे तुकडे उभे आहेत, आणि दक्षिणेस सह्याद्रीच्या कण्यावरून केरळापर्यंत जावे तसे ते रान अधिकाधिक दाट होत जाते. त्या रानातील झाडे एकाच ऋतूत सगळी पाने टाकून उघडी होत नाहीत. वर एक मजला, खाली दुसरा, त्याखाली वेली व झुडुपे, असे ते माडीचे घर असते. वर पाऊस लागला तरी खाली उभ्या असलेल्या माणसास पहिला थेंब उशिराने लागतो, आणि वर पाऊस थांबला तरी खाली तो बराच वेळ ठिबकत राहतो. वरच्या मजल्यावर फांदीत फांदी अशी अडकलेली असते की, झाडावर राहणारा जीव जमिनीस पाय न लावता कोसभर जाऊ शकतो.

हे शब्दांनी सांगून भागणार नाही. मुलांस हातभर अंतराने एका ओळीत उभे करून हात पसरावयास सांगावे. ही झाडे झाली. चिंधीची एक बाहुली पहिल्याच्या हाती देऊन ती हातोहात शेवटपर्यंत पोहोचवावी. हे माकड झाले. मग ओळीच्या मधली दोन मुले बाजूस बसवावी, आणि पुन्हा बाहुली पाठवावी. मधल्या जागी ती जमिनीवर येईल. जमिनीवर काय काय आहे ते मुलांनाच विचारावे : कुत्रे, बिबट्या, सडकेवरची मोटार. रान तोडणे म्हणजे काय हे आम्ही मोठ्यांस व्याख्यान देऊन जितके समजावू शकत नाही तितके ह्या खेळाने पाच वर्षांच्या मुलास कळते.

अकोले तालुक्यातील ह्या रानाचा मोठा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून राखिला आहे. तेथील झाडांवर वानरांचे कळप आहेत, शेकरू आहे, आणि खाली बिबट्या आहे. बिबट्याचे नाव काढिताच आपल्याकडील मुले कान टवकारतील, कारण तो आता उसातही राहतो आणि संध्याकाळी त्याच्या भीतीने आया मुलांस आत बोलावितात. त्यांस सांगावे की रानात बिबट्याची पहिली वर्दी वानर देतो. उंच फांदीवर बसलेल्या वानरास बिबट्या दिसला की तो खोकल्यासारखा कर्कश आवाज पुन्हा पुन्हा काढितो. तो ऐकताच सगळा कळप वर चढतो, आणि इतर जनावरेही सावध होतात. रानात गुरे चारणारा माणूस हा आवाज ओळखितो व त्या बाजूस गुरे नेत नाही. ह्या राखणीबद्दल वानरास कोणी वेतन देत नाही.

वानराचे कुटुंब हा ह्या पाठाचा सर्वांत गोड भाग आहे व त्यावर शिक्षकाने हवा तेवढा वेळ घ्यावा. कळपात बहुधा एक मोठा नर, कित्येक माद्या व त्यांची पोरे असतात. पुष्कळ नर कळपाबाहेर आपली निराळी टोळी करून हिंडतात. मादी सुमारे साडेसहा महिने गर्भ वाहून एका पिल्लास जन्म देते. हे पिल्लू आईसारखे राखी नसते. अंगावर काळसर केस घेऊन ते जन्मते आणि काही महिन्यांनी रंग पालटिते. कळपातील इतर माद्यांस त्या काळ्या पोराचे फार अप्रूप असते. जन्मल्या दिवसापासून कोणी मावशी येते, कोणी थोरली बहीण येते, आईच्या कुशीतून त्यास हळूच ओढून आपल्या उराशी धरिते, आणि आई ते नेऊ देते. तेवढ्यात ती पोटभर खाऊन घेते. कधी कधी पोर एकीकडून दुसरीकडे इतके फिरते की ते रडू लागते, आणि मग आई येऊन त्यास परत नेते. वाडीत मजुरीस जाणाऱ्या बाईचे तान्हे आजी, काकू व शेजारीण अशा तीन कडांवर वाढते; मुलांस ह्यापेक्षा निराळे उदाहरण द्यावयास नको. तांबड्या तोंडाच्या माकडीण आया इतक्या मोकळ्या मनाच्या नसतात. त्या तान्हे आपल्यापाशीच धरून ठेवितात.

येथे एका गोष्टीविषयी आम्हांस स्पष्ट लिहावेसे वाटते. हौदात पाणी चढत गेले तेव्हा माकडिणीने आपल्या पिल्लास पायाखाली घेऊन स्वतःचा जीव वाचविला, ही कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते, आणि 'आधी आपला जीव' ह्या विषयावर कित्येक व्यासपीठांवरूनही ती ऐकू येते. कथा चतुर आहे, परंतु ती आईवर बालंट घेणारी आहे. ज्यांनी ह्या प्राण्यांचा अभ्यास वर्षानुवर्षे रानात बसून केला त्यांनी उलटच पाहिले आहे. पिल्लू मेले तरी माकडीण किंवा वानरी त्याचे कलेवर कित्येक दिवस उराशी धरून हिंडते, त्याच्या अंगावरील माश्या हाकलिते, कळप पुढे निघाला तर एका हाताने ते सांभाळीत तीन पायांवर मागून जाते. शास्त्रज्ञ ह्यास दुःख हे नाव देण्यास कचरतात, आणि ते योग्यच आहे, कारण तिच्या मनात शिरून कोणी पाहिलेले नाही. तरी शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात रिस्पा आपल्या पुत्रांच्या प्रेतांजवळ गोणपाट अंथरून बसली व दिवसा पाखरांस आणि रात्री वनपशूंस तिने जवळ येऊ दिले नाही, हे ज्याने वाचले आहे तो ती माकडीण पाहून हौदाची कथा पुन्हा सांगणार नाही. बालवर्गात ही बाब काढावयाची की नाही हे शिक्षकाने ठरवावे. ज्या घरात नुकतेच तान्हे गेले असेल त्या घरचे मूल वर्गात असता आम्ही ती सांगणार नाही; पुढे कधी त्या मुलाच्या आईपाशी सांगू.

ज्यास खऱ्या अर्थाने पावसाळी अरण्याचेच माकड म्हणावे ते आपल्या जिल्ह्यात नाही. ते पाहावयास मराठी मुलखाच्या वेशीवरील कारवार जिल्ह्यात, ज्यास आता उत्तर कन्नड म्हणतात, शिरसी व होन्नावर ह्यांच्यामधील घाटात जावे लागेल. तेथून दक्षिणेस केरळ व तमिळनाडूपर्यंत सह्याद्रीच्या सदाहरित रानांत ते राहते. जगात दुसरे कोठेही राहत नाही. त्यास सिंहपुच्छ माकड म्हणतात. कानडीत त्याचे नाव सिंगळीक. अंग काळेभोर, तोंडाभोवती राखी-पांढऱ्या केसांची दाट आयाळ, आणि आखूड शेपटीच्या टोकास सिंहाच्या शेपटीसारखा गोंडा. भिंतीवर सिंहाचे चित्र आधीच लाविलेले असेल तर ह्याचे चित्र त्याच्या शेजारी लावावे. दोघांची शेपटी ओळखावयास मुलांस वेळ लागणार नाही.

हे माकड आपले बहुतेक आयुष्य झाडावरच काढिते. पंधरावीस जणांची टोळी पहाटेपासून फळे, फुलांतील मध व किडे शोधीत वरच्या मजल्यावरून फिरते. फणस त्यास फार आवडतो. अंगावर खाजरे केस असलेला सुरवंट सापडला तर ते त्यास तसेच तोंडात टाकीत नाही. पानात धरून घोळिते, केस पुसून काढिते, मग खाते. भाजी निवडणाऱ्या आईस मुले रोज पाहतात, त्यांस हे सांगून पाहावे. मोठा नर उंच झाडावरून घुमणारी आरोळी देतो, ती दाट रानातून दूरवर जाते.

रानात आता ह्यांची एकंदर संख्या चार हजारांच्या आसपास सांगितली जाते. म्हणजे जगातील सगळी सिंहपुच्छ माकडे एकत्र आणिली तरी आपल्या भागातील एका मध्यम गावाची वस्ती व्हावी. रान कापून चहाकॉफीचे मळे झाले, धरणे झाली, सडका झाल्या. झाडावरून झाडावर जाणाऱ्या जिवाची ओळ मध्येच तुटली, जशी आपल्या खेळात तुटली. केरळातील सायलेंट व्हॅली नावाच्या दरीत कुंती नदीवर धरण बांधण्याचा बेत १९७० नंतरच्या दशकात पुढे आला, तेव्हा शाळामास्तर, कवी व शास्त्रज्ञ ह्यांनी मिळून त्यास विरोध केला, आणि त्या चळवळीत ह्या माकडाचे नाव लोकांच्या तोंडी झाले. बेत सोडून देण्यात आला व १९८४ साली ती दरी राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली. कर्नाटकाने २०११ साली अघनाशिनीच्या खोऱ्यात ह्यांच्यासाठी राखीव रान ठेविले. तमिळनाडूतील वालपारई येथे चहाच्या मळ्यांनी रानाचे लहान लहान तुकडे पडले आहेत, तेथे वनखाते व निसर्गरक्षक मंडळींनी सडकेवरून ह्या झाडापासून त्या झाडापर्यंत झुलते पूल बांधिले, आणि माकडे ते वापरू लागली. वर्गातील ओळीत मध्ये दोर धरावयास लावून बाहुली पलीकडे नेऊन दाखविल्यास हा पूल मुलांस कळेल.

मोठ्या वर्गातील कोणी हुशार मुलगा विचारील की पवित्र शास्त्रात वानर आहे काय. आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात शलमोनाची गलबते तीन वर्षांनी एकदा सोने, रुपे, हस्तिदंत, वानर व मोर आणीत असत असे लिहिले आहे. मूळ इब्री भाषेत वानरास जो शब्द आहे तो कोफ. आणि तो आपल्या कपि ह्या शब्दाशी जुळतो असे कित्येक पंडितांचे मत आहे. म्हणजे हा प्राणी आमच्याच बाजूच्या किनाऱ्यावरून यरुशलेमेस गेला असण्याचा संभव आहे. आमच्या वाचकांत जे कोणी पवित्र शास्त्र हे परदेशचे पुस्तक आहे असा टोमणा रोज ऐकतात, त्यांस ही माहिती उपयोगी पडावी.

दुसरा प्रश्न येईल तो असा : आपण माकडापासून झालो काय? आजचे वानर किंवा माकड आमचे पूर्वज आहेत असे कोणताही शास्त्रज्ञ म्हणत नाही; अतिप्राचीन काळी दोघांचे पूर्वज एक होते, असे शास्त्र म्हणते. ह्याविषयी आमच्या मंडळ्यांत मतभेद आहेत आणि ते बालवर्गात सोडविण्याचे काम नव्हे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्य मातीपासून घडविला आणि वनपशूही मातीपासून घडविले, एवढे मुलास वाचून दाखवावे. मातीचे नाते तरी कोणीच नाकारीत नाही.

शिक्षकास काही कठीण गोष्टीही ठाऊक असाव्या, वर्गात सांगावयाच्या नसल्या तरी. १९६१ ते १९६३ ह्या काळात युकिमारू सुगियामा ह्या जपानी विद्वानाने धारवाडजवळच्या रानात वानरांचा अभ्यास केला. बाहेरच्या टोळीतील नर जुन्या नरास हाकलून कळपाचा धनी झाला म्हणजे तो तेथील तान्ह्या पिल्लांस मारितो, असे त्यास दिसले. इतरत्रही हे दिसून आले आहे. म्हणून निसर्ग म्हणजे केवळ प्रेमाचे पाळणाघर आहे, असे भासवू नये. सारी सृष्टी कण्हत आहे, असे पौल रोमकरांस लिहितो, त्यात हीही आली. परंतु ह्यावरून वानरास दुष्ट म्हणणेही तितकेच चुकीचे. त्याच्यापुढे दहा आज्ञा ठेविलेल्या नाहीत.

दहा आज्ञा आपल्यापुढे आहेत, आणि त्यांतील नववी येथे आठवते. २०२१ च्या डिसेंबरात बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यात लवूळ गावी वानर कुत्र्याची पिल्ले उचलून झाडांवर व घरांच्या छपरांवर नेऊ लागले, आणि ती पिल्ले तेथून पडून किंवा उपासाने मरू लागली. ही हकीकत देशभर छापून आली ती अशी की, वानरांनी कुत्र्यांवर सूड उगविला व अडीचशे कुत्री मारिली. वनखात्याने दोन वानर पकडून दूर नेले. पिल्ले नेली हे खरे. सूड हा शब्द मात्र माणसांनी आपल्या घरचा घातला, आणि अडीचशेचा आकडा कोणी मोजला हे विचारण्याच्या आतच तो परदेशी पोहोचला. तसेच माकडतापाचे. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या रानात हा रोग प्रथम ओळखला गेला, आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात तो दिसला. नावामुळे लोक माकडास दोष देतात. रोग पसरवितो तो रानातील गोचीड. माकड तर माणसाच्या आधी त्याच तापाने मरते, आणि त्याचे प्रेत हीच पुष्कळदा गावास मिळालेली पहिली सूचना असते.

आता शेतकऱ्याचे म्हणणे. हा पाठ ज्यांच्या मुलांस द्यावयाचा त्यांपैकी कित्येकांच्या हरभऱ्यात, मक्यात व फळझाडांत वानर उतरलेले आहेत. कोकणातील नारळ-आंब्याच्या बागाईतदारांची तक्रार तर मोठी आहे. त्या बापास वानराचे कौतुक सांगू लागलो तर तो ऐकून घेणार नाही, आणि त्याने का ऐकावे? शेत राखणे, डबे वाजवून, फटाके लावून कळप हुसकावणे, वनखात्याकडे नुकसानीचा अर्ज देणे, हे त्याचे काम आहे व त्यात पाप नाही. शेत राखणे निराळे आणि वडावर स्वस्थ बसलेल्या कळपावर गोफण चालविणे निराळे. मुलास हा फरक बापाच्या तोंडून कळला तर उत्तम. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने वानरास मारणे किंवा धरणे गुन्हा आहे, हेही घरी कळू द्यावे. उलट बाजूचे उदाहरण धाराशिव जिल्ह्यातील उपळा गावचे आहे. तेथे बत्तीस एकर जमीन महसुली कागदांत माकडांच्या नावे लागलेली असल्याची हकीकत २०२२ साली वर्तमानपत्रांत आली. कोणी, केव्हा व का लाविली हे गावातही कोणास सांगता आले नाही. ज्या जिल्ह्यांत बांधाच्या हातभर जागेवरून सख्खे भाऊ कचेरीत जातात त्या भागात हे वाचून आम्हांस हसू आले, आणि थोडी लाजही वाटली.

शेजाऱ्यांविषयी मुलांस काय सांगावे? एवढेच की त्यांच्या देवळापुढे उभे राहून त्यांच्या देवाची चेष्टा करणे हे शुभवर्तमान नव्हे. इफिसात पौलाविरुद्ध दंगा झाला तेव्हा नगरच्या अधिकाऱ्याने साक्ष दिली की ह्या माणसांनी देवीची निंदा केलेली नाही, हे प्रेषितांच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. वानराकडे टक लावून पाहणारे ख्रिस्ती मूल शेजारच्या मुलास बोलावून "बघ, त्या काळ्या पोरास मावशी घेऊन गेली," असे सांगू लागले, तर दोघांस एकाच वडाखाली बसता येईल.

मदारी गावात आला तर मुले धावणारच. दोरीने बांधलेले, टोपी घातलेले, सलाम करणारे ते माकड आईपासून तोडून आणिलेले असते, आणि काठीच्या भयाने ते शिकते, हे मुलांस सांगावे व पैसे देऊ नयेत. मदाऱ्याशी भांडू मात्र नये. तोही पोटासाठीच हिंडतो. घाटात वाहने थांबवून माकडांस बिस्किटे टाकण्याची रीत तर सर्वांत वाईट. तिने माकडे सडकेवर येऊन चिरडली जातात, आणि माणसाच्या हातून खाण्यास सोकावलेले माकड उद्या मुलाच्या हातातील घास ओढून घेते. माकडाने किंवा वानराने चावा घेतला अथवा ओरखडले, तर जखम पंधरा मिनिटे साबणाने वाहत्या पाण्यात धुवावी व त्याच दिवशी मुलास सरकारी दवाखान्यात नेऊन पिसाळीची लस टोचून घ्यावी. हळद, चुना किंवा तंबाखू भरून घरी बसू नये.

ज्या मंडळीस शक्य असेल तिने दिवाळीनंतर, पाऊस सरला व रान हिरवे आहे तोवर, बालवर्गास रतनवाडीकडे एक दिवस न्यावे. मुलांस दहा दहांच्या गटांत बसवून अर्धा तास न बोलता झाडांकडे पाहावयास लावावे. पहिली दहा मिनिटे काहीच दिसणार नाही. प्रत्येक मुलाने पाहिलेली एक गोष्ट लक्षात ठेवून पुढील रविवारी वर्गात सांगावी, आणि स्तोत्र १०४ त्यानंतर वाचावे, आधी नव्हे. सोबत नेलेली भाकरी फडक्यात घट्ट बांधून गाडीतच ठेवावी, आणि परतीच्या वाटेवर, वानरे मागे राहिल्यावर, सोडावी.